फिक्स्चर (न्याहाळक चाचणी)

फिक्स्चर म्हणजे सॉफ्टवेअरची एखादी चाचणी सुरू होण्यापूर्वी तिच्यासाठी सिद्ध केलेली, दर वेळी तशीच उपलब्ध होणारी आणि चाचणी संपताच आवरून घेतली जाणारी पूर्वस्थिती होय. ही पूर्वस्थिती निर्माण करणाऱ्या आज्ञावलीच्या भागालाही फिक्स्चर हेच नाव आहे. वेब ॲप्लिकेशनच्या न्याहाळकामार्फत केल्या जाणाऱ्या एंड-टू-एंड, म्हणजे आद्यंत, चाचण्यांमध्ये उघडलेला न्याहाळक, लॉग-इन केलेला वापरकर्ता, विदागारातील ठरावीक नोंदी, निश्चित केलेली भाषा व कालक्षेत्र या गोष्टी फिक्स्चरमार्फत पुरवल्या जातात. एकदा लिहिलेले फिक्स्चर कितीही चाचण्यांना वापरता येते; त्यामुळे प्रत्येक चाचणीच्या आरंभी तीच ती तयारी पुन्हा लिहावी लागत नाही. फिक्स्चरची रचना सदोष असेल तर मात्र एक चाचणी दुसरीच्या निकालात ढवळाढवळ करते आणि निकालांवर विसंबता येत नाही.

शब्दाचा उगम

हा शब्द यंत्रशाळेतून आला आहे. यंत्रावर एखादा सुटा भाग घडवताना तो हलू नये, म्हणून त्याला ठरावीक जागी व ठरावीक कोनात घट्ट धरून ठेवणाऱ्या साधनाला फिक्स्चर म्हणतात. हत्याराला दिशा देणाऱ्या साधनाला जिग म्हणतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील ‘टूल अँड डाय मेकर’ या व्यवसाय-अभ्यासक्रमात जिग व फिक्स्चर यांचे शिक्षण दिले जाते. शंभरावा भाग पहिल्या भागासारखाच निघावा, हा या साधनाचा हेतू असतो. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात हाच हेतू चाचणीला लागू होतो: शंभराव्या वेळी चालवलेल्या चाचणीला पहिल्या वेळची परिस्थिती मिळाली, तरच दोन निकालांची तुलना अर्थपूर्ण ठरते.

सॉफ्टवेअरमध्ये या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. पहिल्या अर्थाने फिक्स्चर म्हणजे तयार विदेची फाइल. रूबी ऑन रेल्स, जॅंगो आणि सायप्रेस या साधनांमध्ये हा अर्थ प्रचलित आहे. दुसऱ्या अर्थाने फिक्स्चर म्हणजे पूर्वस्थितीची उभारणी व आवराआवर करणारे फंक्शन. पायटेस्ट आणि प्लेराइट या साधनांमध्ये हा अर्थ आढळतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः दुसरा अर्थ अभिप्रेत आहे.

पूर्वस्थितीची आवश्यकता

आद्यंत चाचणीत वापरकर्ता जे करतो तेच आज्ञावलीकडून करवून घेतले जाते. न्याहाळक उघडला जातो, पानावरील रकाने भरले जातात, बटणे दाबली जातात आणि पडद्यावर अपेक्षित मजकूर आला की नाही हे तपासले जाते. न्याहाळक, सर्व्हर आणि विदागार हे सर्व घटक अशा चाचणीत एकाच वेळी कार्यरत असतात. त्यामुळे ती वास्तवाच्या सर्वांत जवळची असते. तशीच ती संथ आणि नाजूकही असते. माइक कोन यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात मांडलेल्या चाचणी-पिरॅमिडच्या संकल्पनेत या चाचण्या शिखरावर, म्हणजे संख्येने सर्वांत कमी, असाव्यात असे सुचवले आहे.

चाचणीचा निकाल दोन गोष्टींवर अवलंबून असतो: तपासली जाणारी आज्ञावली आणि चाचणीच्या आरंभीची परिस्थिती. परिस्थिती बदलती राहिली तर चाचणी नापास झाल्याचे कारण आज्ञावलीतील दोष आहे की परिस्थितीतील फरक, हे सांगता येत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत प्रात्यक्षिक परीक्षेपूर्वी प्रत्येक मेजावर तीच उपकरणे व तीच द्रावणे मांडून ठेवतात आणि आधीच्या विद्यार्थ्याची परीक्षानळी धुऊन घेतात, त्यामागील तत्त्व हेच आहे.

आज्ञावलीत काहीही बदल झालेला नसताना कधी उत्तीर्ण, तर कधी अनुत्तीर्ण होणाऱ्या चाचणीला ‘फ्लेकी’, म्हणजे बेभरवशाची, चाचणी म्हणतात. अशा चाचण्या वाढल्या की प्रोग्रामर लाल निकालाकडे दुर्लक्ष करू लागतात आणि खरा दोषही त्याच दुर्लक्षात निसटून वापरकर्त्यापर्यंत पोहोचतो. सामायिक पूर्वस्थिती हे बेभरवशाच्या चाचण्यांचे एक प्रमुख कारण आहे.

इतिहास

केंट बेक यांनी १९९४ साली स्मॉलटॉक या भाषेसाठी चाचणीची एक आकृतिबंधात्मक पद्धत मांडली. तिच्यात फिक्स्चर ही संकल्पना स्पष्टपणे आली होती. पुढे बेक आणि एरिक गामा यांनी जावा भाषेसाठी जेयुनिट हे साधन तयार केले. त्यात प्रत्येक चाचणीपूर्वी ‘सेटअप’ आणि प्रत्येक चाचणीनंतर ‘टेअरडाउन’ ही फंक्शने आपोआप चालत. या पद्धतीवर बेतलेल्या साधनांच्या समूहाला एक्सयुनिट म्हणतात. जेरार्ड मेसझारोस यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चाचणीचे उभारणी, क्रिया, पडताळणी आणि आवराआवर असे चार टप्पे सांगितले, तसेच ताजे फिक्स्चर व सामायिक फिक्स्चर असा भेद केला.

न्याहाळकाच्या स्वयंचलनाला सेलेनियम या साधनामुळे चालना मिळाली. ते जेसन हगिन्स यांनी २००४ साली थॉटवर्क्स कंपनीत असताना तयार केले. पुढे त्यात सायमन स्टुअर्ट यांचा वेबड्रायव्हर प्रकल्प मिसळला गेला. २०१८ साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने वेबड्रायव्हरला अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला. सेलेनियम केवळ न्याहाळक चालवते. पूर्वस्थितीची व्यवस्था जेयुनिट, पायटेस्ट यांसारख्या चाचणी-साधनावर सोपवलेली असते.

पायथन भाषेतील पायटेस्टने २०१२ साली २.३ या आवृत्तीत फिक्स्चरची नवी पद्धत रूढ केली. चाचणीला जे हवे असेल त्याचे नाव तिने आपल्या आर्ग्युमेंटांच्या यादीत लिहावे आणि साधनाने ते शोधून, उभारून पुरवावे, असे तिचे स्वरूप आहे. मायक्रोसॉफ्टने २०२० साली प्लेराइट हे मुक्त स्रोत साधन प्रकाशित केले. ते क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट ही तिन्ही न्याहाळक-इंजिने चालवू शकते. २०२१ साली त्यासोबत आलेल्या प्लेराइट टेस्ट या चाचणी-साधनात फिक्स्चर हाच रचनेचा पाया ठेवण्यात आला.

रचना व कार्यपद्धती

प्लेराइट टेस्टमध्ये काही फिक्स्चर मुळातच उपलब्ध असतात. ‘ब्राउझर’ हे चालू न्याहाळक देते, ‘कॉन्टेक्स्ट’ त्या न्याहाळकातील एक स्वतंत्र व कोरे सत्र देते आणि ‘पेज’ त्या सत्रातील एक पान देते. प्रत्येक सत्राच्या कुकी व स्थानिक साठा वेगळा असल्यामुळे एका चाचणीतील लॉग-इन दुसऱ्या चाचणीत झिरपत नाही. न्याहाळक पुन्हा सुरू करण्यापेक्षा नवे सत्र उघडणे पुष्कळ स्वस्त पडते. म्हणून प्रत्येक चाचणीला नवे सत्र देणे परवडते.

यांत भर घालायची असल्यास मूळ चाचणी-वस्तूचा ‘एक्स्टेंड’ या क्रियेने विस्तार केला जातो. नव्या फिक्स्चरचे फंक्शन तीन भागांत वाचता येते. पहिल्या भागात उभारणी होते. नंतर ‘यूज’ या फंक्शनला तयार वस्तू दिली जाते. त्या क्षणी फिक्स्चर थांबते आणि चाचणी चालते. चाचणी संपल्यावर फिक्स्चर जेथे थांबले होते तेथून पुढे जाते आणि तिसऱ्या भागातील आवराआवर करते. पायटेस्टमध्ये हेच काम ‘यील्ड’ या शब्दाने होते. उभारणी व आवराआवर एकाच फंक्शनमध्ये शेजारी-शेजारी असल्यामुळे एक बदलताना दुसरे विसरले जाण्याचा संभव कमी होतो.

या पद्धतीचे मुख्य गुणधर्म पुढीलप्रमाणे आहेत:

मागणीनुसार उभारणी: चाचणीने ज्या फिक्स्चरचे नाव घेतले असेल तेवढेच उभारले जाते. ‘ऑटो’ असे चिन्हांकित केलेली फिक्स्चर मात्र न मागताही चालतात.

परस्परावलंबन: एक फिक्स्चर दुसऱ्याची मागणी करू शकते. अशा वेळी ज्यावर अवलंबून राहायचे ते आधी उभारले जाते आणि शेवटी आवरले जाते.

अपयशानंतरही आवराआवर: चाचणी अनुत्तीर्ण झाली तरी आवराआवरीचा भाग चालतो. संपूर्ण प्रक्रियाच बळजबरीने बंद पडली तर मात्र तो चालत नाही.

पुनर्वापर: फिक्स्चर स्वतंत्र फाइलमध्ये ठेवून अनेक चाचणी-फाइलींत आयात करता येतात.

व्याप्ती

फिक्स्चर किती काळ जिवंत राहावे, याला त्याची व्याप्ती म्हणतात. प्लेराइट टेस्टमध्ये दोन व्याप्ती आहेत. चाचणी-व्याप्तीचे फिक्स्चर प्रत्येक चाचणीसाठी नव्याने उभारले जाते. वर्कर-व्याप्तीचे फिक्स्चर एका वर्करसाठी, म्हणजे चाचण्या चालवणाऱ्या एका स्वतंत्र प्रक्रियेसाठी, एकदा उभारले जाते आणि त्या प्रक्रियेतील सर्व चाचण्या ते वापरतात. ‘ब्राउझर’ हे वर्कर-व्याप्तीचे, तर ‘पेज’ हे चाचणी-व्याप्तीचे फिक्स्चर आहे. पायटेस्टमध्ये फंक्शन, क्लास, मोड्यूल, पॅकेज आणि सेशन अशा पाच व्याप्ती आहेत.

दीर्घ व्याप्तीचे फिक्स्चर लघू व्याप्तीच्या फिक्स्चरवर अवलंबून राहू शकत नाही. कारण आधार आधी नाहीसा होईल आणि आधेय मागे राहील. अशी मागणी केल्यास दोन्ही साधने चूक दाखवतात. प्लेराइट टेस्टमध्ये एखादी चाचणी अनुत्तीर्ण झाली की तिचा वर्कर बाद करून नवा सुरू केला जातो. त्यामुळे वर्कर-व्याप्तीचे फिक्स्चरही पुन्हा उभारले जाते. ‘हे एकदाच चालेल’ असे गृहीत धरून लिहिलेले फिक्स्चर या ठिकाणी फसते.

व्याप्ती निवडताना वेग आणि अलगपणा यांचा समतोल साधावा लागतो. जे उभारण्यास महाग आहे पण चाचणीमुळे बदलत नाही, ते वर्कर-व्याप्तीत ठेवता येते. जे चाचणीमुळे बदलते, ते चाचणी-व्याप्तीतच असावे, हा सर्वसाधारण नियम आहे.

उदाहरण

एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर सभासद पुस्तक राखून ठेवू शकतो, अशी सोय आहे असे समजू. ‘पुस्तकाची एकच प्रत असेल आणि ती एका सभासदाने राखून ठेवली, तर दुसऱ्याला ती राखून ठेवता येऊ नये’ हा नियम तपासायचा आहे. त्यासाठी ‘सभासद’, ‘पुस्तक’ आणि ‘सभासदाचे पान’ अशी तीन फिक्स्चर पुरतात.

‘सभासद’ हे फिक्स्चर न्याहाळक न वापरता थेट सर्व्हरला विनंती पाठवून नवा सभासद नोंदवते. नोंदणीचा अर्ज पडद्यावर भरण्यापेक्षा हा मार्ग जलद असतो. ‘पुस्तक’ हे फिक्स्चर एकच प्रत असलेले पुस्तक नोंदवते. ‘सभासदाचे पान’ हे ‘सभासद’ या फिक्स्चरवर अवलंबून असून त्या सभासदाचे लॉग-इन झालेले पान चाचणीच्या हाती देते. दोन सभासद लागणार असल्यामुळे ‘सभासद’ हे एक नोंद न देता, हव्या तितक्या नोंदी निर्माण करणारे फंक्शन देते आणि निर्माण केलेल्या सर्व नोंदी लक्षात ठेवून शेवटी पुसते. अशा फिक्स्चरला फॅक्टरी म्हणतात.

चाचण्या समांतर चालत असताना दोन वर्करांनी एकाच नावाचा सभासद नोंदवण्याचा प्रयत्न केल्यास एकाला नकार मिळतो. म्हणून नावात वर्करचा क्रमांक किंवा यादृच्छिक अक्षरे मिळवली जातात. आवराआवरीतही एक खाचखळगा आहे. चाचणीने निर्माण केलेली राखीव नोंद सभासद आणि पुस्तक या दोहोंशी जोडलेली असते. ती आधी पुसली नाही तर विदागार सभासदाची वा पुस्तकाची नोंद पुसू देत नाही. फिक्स्चरने स्वतः निर्माण केलेल्या वस्तूंबरोबरच त्यांच्या आधाराने चाचणीने निर्माण केलेल्या वस्तूंचीही जबाबदारी घ्यावी लागते.

लॉग-इनची स्थिती

लॉग-इन ही बहुतेक चाचण्यांची पहिली पायरी असते. दोनशे चाचण्यांपैकी प्रत्येकीला लॉग-इनसाठी ३ सेकंद लागले, तर एकूण १० मिनिटे केवळ त्यातच जातात. यावर उपाय म्हणून एकदा लॉग-इन करून सत्रातील कुकी व स्थानिक साठा एका फाइलमध्ये साठवला जातो आणि नवी सत्रे त्या स्थितीतूनच सुरू केली जातात. प्लेराइटमध्ये या सोयीला ‘स्टोरेज स्टेट’ म्हणतात. सायप्रेसमध्ये ‘सेशन’ ही आज्ञा तत्सम काम करते.

चाचण्या सर्व्हरवरील नोंदी बदलत असतील तर सर्वांनी एकच खाते वापरणे धोक्याचे असते: एक चाचणी सभासदाचा पत्ता बदलते आणि त्याच वेळी दुसरी जुना पत्ता शोधत असते. अशा ठिकाणी प्रत्येक वर्करला वेगळे खाते दिले जाते.

साठवलेली फाइल ही घराच्या किल्लीसारखी असते. ती ज्याच्या हाती पडेल त्याला पासवर्डाशिवाय त्या खात्यात शिरता येऊ शकते. म्हणून ती आज्ञावलीच्या सामायिक भांडारात ठेवली जात नाही.

मराठी ॲप्लिकेशनच्या संदर्भात

मराठी वापरकर्त्यांसाठीच्या ॲप्लिकेशनमध्ये फिक्स्चरची विदा केवळ रोमन लिपीत असेल तर काही दोष कधीच उघडकीस येत नाहीत.

युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे अक्षर एका सांकेतिक चिन्हाने किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी लिहिता येते. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात. परंतु प्रमाणीकरण न करणाऱ्या शोधयंत्रणेला ती भिन्न वाटतात. ‘वाऱ्या’सारख्या शब्दातील आडवा रफार ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह यांनीही उमटवता येतो आणि हे तिसरे रूप युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही पहिल्या दोहोंशी एकरूप होत नाही. फिक्स्चरमधील पुस्तकाच्या नावात या रूपांचा मुद्दाम समावेश केल्यास शोधातील दोष लवकर सापडतो.

न्याहाळकाची भाषा मराठी ठेवल्यास संख्यांचे स्वरूपण देवनागरी अंकांत होते. ‘१२३’ ऐवजी रोमन अंकांची अपेक्षा करणारी चाचणी अशा वेळी अनुत्तीर्ण ठरते. भाषा संगणकागणिक बदलू नये, म्हणून ती फिक्स्चरमध्येच निश्चित केली जाते.

भारतीय प्रमाणवेळ समन्वित जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत भारतातील दिनांक जागतिक दिनांकाच्या एक दिवस पुढे असतो. जागतिक वेळेवर चालणाऱ्या सर्व्हरवर पुस्तक परतीचा दिनांक मोजणारी चाचणी दिवसा उत्तीर्ण आणि रात्री अनुत्तीर्ण होते, ती या कारणाने. प्लेराइटमध्ये न्याहाळकाचे कालक्षेत्र ठरवता येते आणि त्याचे घड्याळही एका क्षणी स्थिर करता येते. मात्र हे घड्याळ न्याहाळकापुरतेच असते. सर्व्हरची वेळ त्याने बदलत नाही.

मर्यादा व दोष

खोटी खात्री: विदागारात थेट नोंदी घालणारे फिक्स्चर ॲप्लिकेशनचे स्वतःचे नियम टाळून जाते. त्यामुळे प्रत्यक्षात कधीही उद्भवू न शकणारी स्थिती तयार होते आणि तिच्यावरील चाचणी उत्तीर्ण होऊनही काही सिद्ध होत नाही. तसेच सर्व चाचण्या साठवलेल्या लॉग-इनवरून सुरू होत असतील, तर लॉग-इनचे पान तपासणारी किमान एक स्वतंत्र चाचणी आवश्यक ठरते.

दडलेली तयारी: फिक्स्चरांची साखळी फार लांबली की चाचणी वाचून तिची पूर्वस्थिती कळत नाही. निकालाशी संबंधित असलेला तपशील, उदाहरणार्थ प्रतींची संख्या, चाचणीतच दिसावा आणि निकालाशी संबंध नसलेला तपशील फिक्स्चरमध्ये असावा, असा संकेत आहे.

पुनःप्रयत्नाचे आवरण: अनुत्तीर्ण चाचणी आपोआप पुन्हा चालवण्याची सोय अनेक साधनांत असते. पहिल्यांदा नापास आणि दुसऱ्यांदा पास झालेल्या चाचणीला प्लेराइट ‘फ्लेकी’ असे वेगळे दर्शवते. ही नोंद दुर्लक्षिल्यास फिक्स्चरमधील मूळ दोष झाकला जातो.

उरलेली विदा: चाचणीयंत्र मध्येच बंद पडल्यास आवराआवर होत नाही. म्हणून काही ठिकाणी आवराआवरीवर विसंबून न राहता प्रत्येक फेरीच्या आरंभी विदागार मूळ स्थितीत आणले जाते.

खऱ्या व्यक्तींची माहिती: तयार विदा म्हणून चालू विदागाराची नक्कल वापरण्याचा मोह होतो. त्यामुळे खऱ्या लोकांची नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक चाचणीयंत्रांवर आणि चाचणीच्या पडदाचित्रांतही पोहोचतात. भारतात डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार वैयक्तिक माहिती बाळगणाऱ्यावर तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी आहे. फिक्स्चरमध्ये कल्पित विदा वापरल्यास हा प्रश्न उद्भवत नाही.

हेही पाहा

सॉफ्टवेअर चाचणी
एकक चाचणी
सेलेनियम (सॉफ्टवेअर)
न्याहाळक
युनिकोड
भारतीय प्रमाणवेळ